सालोमीची काळी रोझरी

सालोमी मावशीला फुशारकी मारायची सवय होती, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की सुरुचीने एकच बाजू सांगितली. वसईतल्या सांडोरला रविवारची मिस्सा संपली की बायका चर्चच्या अंगणात घोळके करून उभ्या राहत आणि सालोमी त्यांच्या हातांकडे बघत फिरे. कुणाच्या हातात चांदीची रोझरी, म्हणजे ख्रिस्ती लोकांची जपमाळ, दिसली की एक कडी नखाने उचलून म्हणे, "तीन वेढे. माझ्याच हातची. नातवंडांना पुरेल." कडीला दोनच वेढे असले तर काही न बोलता नुसती मान हलवून पुढे जाई. ते जास्त लागायचं.

मी मूळची चिपळूणची. चौऱ्याण्णव साली आम्ही विरारला चंदनसारमध्ये फ्लॅट घेतला आणि मला सांडोरच्या बाजूला शाळेत नोकरी मिळाली. पहिल्याच वर्षी माझ्या पैंजणाचा फासा तुटला. शाळेतल्या शिपाईणीने सालोमीचं घर दाखवलं. सालोमीने डोळ्याला भिंग लावून पैंजण उलटंसुलटं केलं.

"कुणी केलंय हे?"

"आमच्या चिपळूणच्या सोनारांनी."

"त्याला माझ्याकडे पाठवा, बाई. शिकवीन."

मला इतका राग आला की पैंजण परत घेऊन निघणार होते. पण तोवर तिने फासा झाळून, घासून, माझ्या हातात ठेवलासुद्धा. तो आजतागायत तुटलेला नाही, हेही कबूल करायला हवं. त्यानंतर शनिवारी शाळा सुटली की मी तिच्या ओटीवर वह्या तपासायला बसू लागले. घरी जाण्याची घाई नसायची आणि तिच्याकडचा चहा चांगला असायचा.

तिचा नवरा प्लासिड घड्याळं दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा सालोमी चाळिशीची. मागे राहिलं ते भिंग, चिमटे आणि बोटाएवढ्या पकडी. सेलची घड्याळं आल्यावर दुरुस्तीला कुणी येईना, तेव्हा त्याच हत्यारांनी ती मणी ओवू लागली. चांदी वितळवणं आणि तार ओढणं मात्र तिला बाजारातल्या श्रीरंग सोनाराने शिकवलं. आधी तो नाहीच म्हणाला. ही महिनाभर रोज त्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. शेवटी वैतागून शिकवलं, असं तो म्हणे. माझी चिकाटी बघून शिकवलं, असं ही म्हणे.

तार ओढणं बघण्यासारखं असे. मुशीत चांदी वितळली की वर टाकणखाराची चिमूट टाकायची, लोखंडी साच्यात ओतून कांडी पाडायची, ती ठोकून बारीक करायची. मग एक पोलादी पट्टी, तिला ओळीने लहान लहान होत गेलेली भोकं. कांडीचं टोक एका भोकातून घालायचं, पलीकडून पकडीने धरायचं आणि पाय भिंतीला लावून ओढायचं. मग पुढच्या भोकातून, मग त्याच्या पुढच्या. चार-पाच भोकं झाली की तार ताठरते, मग ती तापवून मऊ करायची, नाहीतर कडाकडा तुटते. साठीची बाई पाय भिंतीला लावून, दात आवळून तार ओढते आहे, हे दृश्य पाहून पोस्टमन एकदा पत्र न देताच परत गेला होता.

मण्यांची तिची पद्धत तर तिचीच. रोझरीत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात आणि दर मण्याला एक "नमो मरिया" म्हणतात. सालोमी मणी मोजत नसे. तारेत मणी घालायचा, टोक वळवून डोळा करायचा, उरलेल्या तारेचे तीन वेढे द्यायचे, तेवढ्यात तिची एक नमो मरिया पुटपुटून होई. दहा प्रार्थना झाल्या की दहा मणी झाले. म्हणजे दिवसभरात तिचं तोंड गप्पांना बंद असे ते तेवढ्याच वेळात, आणि त्या वेळात तिच्याशी बोलायचं नाही असा नियम होता. मी एकदा सातव्या मण्याला "साखर किती घालू?" विचारलं. त्या गटात अकरा मणी भरले. गिऱ्हाइकाने रोझरी परत आणली, आणि त्या अकराव्या मण्यावरून सालोमीने मला वर्षभर ऐकवलं.

अशा या बाईकडे सत्त्याण्णवच्या जानेवारीत आलोशियस आले. ते केळीच्या वाडीवाले, उंच, वाळके, कमी बोलणारे. दोघांत त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी कुजबुज झाली, मग सालोमीने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "बाई आपल्यातल्याच आहेत. त्यांना कळेल असं बोल."

त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत चांदीचा छल्ला होता, बायका कमरेला चाव्या अडकवतात तो. पुढच्या बाजूला बोटाच्या पेराएवढं कोरलेलं फूल. शिवाय एका पुडीत कर्दळीच्या काळ्याभोर बिया.

"डेल्फिनचा छल्ला," ते म्हणाले. डेल्फिन त्यांची बायको, जाऊन सात वर्षं झालेली. "आणि वाडीतल्या बावखलाच्या पाण्याकाठी तिने लावलेली कर्दळ आहे, तिच्या बिया. याची रोझरी कर. माझ्यासाठी. पेटीत न्यायला."

त्यांच्याकडे माणूस गेलं की हातांभोवती रोझरी गुंडाळतात आणि तिच्यासकट पुरतात. मी उगाच वह्यांत डोकं खुपसलं. सालोमी मात्र खुशीत आली. "मढवून देते बघ. अख्ख्या सांडोरचे डोळे दिपतील."

"तेच नको," आलोशियस म्हणाले. "दिसली तर काढून घेतील."

"कोण काढील?"

"एरॉल."

एरॉल त्यांचा मुलगा. डेल्फिनच्या दफनाच्या दिवशी पेटीचं झाकण लावायच्या आधी त्याचा हात आईच्या हातांकडे गेला, चांदीची रोझरी सोडवून पँटीच्या खिशात गेला, हे आलोशियसनी स्वतः पाहिलं होतं. पुढल्या महिन्यात एरॉलने दादरला केळी न्यायला टेम्पो घेतला. बापाने मनात दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि सात वर्षं सोडली नाही. बापलेक एका घरात राहत होते, एका ताटलीतले बोंबील खात होते, पण कामापलीकडे बोलत नव्हते.

"अरे, एका रोझरीच्या चांदीत टेम्पोचा आरसा तरी येतो का?" सालोमी म्हणाली.

"चांदीचं नाही म्हणत मी," ते म्हणाले आणि छल्ल्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "हा छल्ला तिने चाळीस वर्षं कमरेला लावला. वर गेलो की पहिलं हेच विचारील, माझा छल्ला कुठे टाकलास? म्हणून न्यायचाय. चांदी चांदीसारखी दिसता कामा नये. आणि माती पडेपर्यंत कुणाला एक शब्द सांगायचा नाही."

सालोमीने अंगठ्याने ओठांवर क्रूस करून शब्द दिला. मी हिंदू, मला काय करावं कळेना, मी नुसती मान हलवली. सांडोरमधली सगळ्यात बोलकी बाई आणि एक शाळामास्तरीण यांच्यावर त्या माणसाने गुपित सोपवलं. त्याच्या धाडसाचं मला अजून नवल वाटतं.

काम तीन आठवडे चाललं. कर्दळीच्या बिया छर्‍यासारख्या टणक. भोक पाडताना दोन ड्रिल मोडले आणि एक बी उडून माझ्या चहात पडली. गटांच्या मधल्या आणि क्रूसाकडच्या मिळून सहा मोठ्या मण्यांसाठी तिने चांदीच्या टिकल्या पितळी ठोकळ्याच्या खळग्यात ठोकून वाट्या केल्या, दोन-दोन वाट्या तोंडाला तोंड लावून, कडेला डाख ठेवून, फुंकणीने दिव्याची ज्योत त्यावर सोडून जोडल्या. भोकं मात्र आधीच पाडून घेतली. आतली हवा तापून बाहेर जायला वाट नसली तर मणी फुटतो. क्रूस करवतीने कापून कानशीने घासला. छल्ल्यावरचं फूल तिने वितळवलंच नाही. माळेच्या दोन्ही बाजू जिथे एकत्र येतात आणि क्रूस खाली लोंबतो, तिथे ते जसंच्या तसं बसवलं.

रिठ्याच्या पाण्यातून काढून तिने ती माळ माझ्या हातावर ठेवली. काळ्या बिया आणि त्यांच्यामधून पांढरीशुभ्र चांदी. मी आजवर इतकी सुंदर वस्तू हातात घेतली नव्हती आणि तसं मी तिला सांगितलंही.

"माहीत आहे," ती म्हणाली. पण आवाज नेहमीचा नव्हता. "आयुष्यात एवढी चांगली नाही जमली, बाई. आणि आता हिचं तोंड काळं करायचं."

त्यासाठी तिने चार अंडी उकडली. दोन आम्ही मीठ लावून खाल्ली. उरलेली दोन गरम गरम कुस्करून एका डब्यात घातली, वर जाळीवर रोझरी ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. उकडलेल्या अंड्याने चांदी काळी पडते, हे चांदीचा चमचा असलेल्या कुठल्याही घराला ठाऊक असतं. दोन दिवसांनी डबा उघडला तेव्हा आतून असा वास आला की मांजर ओटीवरून उठून गेलं. रोझरी कुठल्याही जत्रेत पत्र्याच्या खेळण्यांशेजारी मिळेल अशी दिसत होती. आलोशियस इतके खूश झाले की केळीचा अख्खा घड ठेवून गेले.

एक गोष्ट मात्र आम्हा तिघांच्याही लक्षात आली नव्हती. आलोशियस रोज संध्याकाळी रोझरी म्हणायचे. रोज हातात फिरल्यावर चांदी बोटांनी घासली जाणार आणि काळेपणा उडणार, हे उघड होतं. दोन महिन्यांतच कड्या चमकू लागल्या. मग ते सायकलवरून येऊन ओटीखाली उभे राहत आणि हळूच म्हणत, "अंडं द्यायला आणलीय." सालोमी डबा काढी. हे दर दोन-तीन महिन्यांनी. आम्ही तिघं मिळून त्या दोन वर्षांत किती अंडी खाल्ली याची गणती नाही.

सालोमीचे हाल मात्र मला बघवत नसत. गावच्या सणाला राजोडीची एक पाहुणी आपल्या गोव्याहून आणलेल्या रोझरीचं कौतुक सांगत होती. सालोमी तिच्या कड्या बघून म्हणाली, "दोन वेढे. ही काहीच नाही, मी एक केलीय, तशी..." मी तिचा पाय माझ्या चपलेने दाबला. "तशी काय?" पाहुणीने विचारलं. "तशी बरी आहे तुझी," सालोमी म्हणाली आणि घरी येऊन दोन ग्लास पाणी प्यायली.

आणि आलोशियसच्या हातातली ती काळी माळ रोज चर्चमध्ये दिसायचीच. अँजेलिना, चर्चमध्ये सालोमीच्या शेजारी बसणारी आणि तिच्याइतकीच तोंडाळ बाई, एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "सालोमी, तू असताना आलोशियस तसलं लोखंड घेऊन फिरतो? का तूच दिलंस?" सालोमीचा चेहरा लालबुंद झाला. पण गप्प राहिली. त्या दिवशी मला तिचा खराखुरा अभिमान वाटला.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी पहाटे आलोशियस झोपेतच गेले. दफन दुपारी चारला होतं. शाळा सुटल्यावर मी सालोमीकडे गेले, बरोबरच जायचं म्हणून. ती पांढरी साडी नेसून तयार होती, डोळे रडून सुजलेले. आम्ही निघणार एवढ्यात फाटक वाजलं. एरॉल आला होता. पन्नाशीला टेकलेला, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्याने ओटीवर रुमाल ठेवून उघडला. आत ती काळी रोझरी.

"मावशी, बाबांच्या हाताला हे गुंडाळलंय. मला बघवत नाही. तुझ्याकडे तयार चांदीची असेल ती दे. चांगल्यातली चांगली."

मी सालोमीकडे बघितलं. माती पडायला अजून तीन तास होते. तिने सांगितलं तर मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडत होता. न सांगितलं तर डेल्फिनचा छल्ला इथेच ओटीवर राहणार होता आणि आलोशियस रिकाम्या हाताने जाणार होते. ती एकदम, काहीशी रागानेच, म्हणाली, "तुझ्या आईची चांदीची होती ना? तिचं काय केलंस?"

एरॉलने शर्टाच्या खिशातून एक रोझरी काढली. जुनी, मणी झिजून बारीक झालेले, एका ठिकाणी तार तुटलेली.

"ही. नऊ वर्षं खिशातच आहे. झाकण लावणार होते, मला काही सुचेना. तिच्या हातातलं काहीतरी मला हवं होतं. बाबांनी बघितलं. रागावले असतील असं वाटून मी बोललो नाही, तेही नाही बोलले. मग ते तसंच राहिलं." त्याने नाक पुसलं. "आधी ही द्यावी असं ठरवून निघालो होतो, मावशी. पण वाटेत... नाही सोडवत."

मला रडू आवरेना. नऊ वर्षं! एका घरात! दोघांनाही धरून हलवावंसं वाटलं आणि त्यातला एक तर आता हलणारच नव्हता.

सालोमी एक शब्द बोलली नाही. तिने काळी रोझरी उचलली आणि आत गेली. स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमचं पातेलं होतं, त्यात पाणी उकळलं, मूठभर मीठ टाकलं, दोन चमचे खायचा सोडा टाकला. पातेलं फडक्यात धरून ओटीवर आणलं, एरॉलच्या पायाशी ठेवलं आणि रोझरी आत सोडली. पाणी फसफसलं. तोच वास सुटला, अंड्याचा. एरॉल वाकून बघू लागला. काळेपणा कडीकडीने उतरत गेला. तिने चमच्याने माळ वर काढली, गार पाण्यातून काढली, पदराने पुसली आणि त्याच्या ओंजळीत ठेवली.

त्याने आधी कड्या बघितल्या, मग मणी. मग माळेच्या मध्यावरचं फूल दिसलं आणि त्याने ते बोटांत धरलं.

"हे आईच्या छल्ल्यावरचं फूल आहे," तो म्हणाला. "मी लहानपणी ते चोखायचो."

मग त्याने विचारलं, "काळी का केली होती?"

सालोमीने माझ्याकडे बघितलं. पण त्याने उत्तराची वाट बघितलीच नाही. आपल्या खिशाकडे हात नेला आणि त्याला आपलं आपणच कळलं. त्याचा चेहरा असा झाला की मी तिथून उठून चहा ठेवायला गेले.

परत आले तेव्हा सालोमी भिंग लावून डेल्फिनच्या रोझरीची तुटलेली कडी जोडत होती. वेढे तीनच दिले, मोजून. "त्याची त्याला दे," ती एरॉलला म्हणाली. "ही तुझी. ठेव खिशात."

तो गेल्यावर मला म्हणाली, "मी शब्द मोडला नाही हां, बाई. मी काही बोलले नाही. जे बोललं ते पातेलं."

चार वाजता चर्चचं अंगण माणसांनी भरलं होतं. पेटीत आलोशियसच्या सुरकुतलेल्या बोटांभोवती ती रोझरी होती आणि दारातून येणाऱ्या उन्हात तिची प्रत्येक कडी दिसत होती. फादरांची प्रार्थना झाली. झाकण लावायला माणसं पुढे झाली तेव्हा चुलते सेबॅस्टियन एरॉलच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चांदीची हाय रं. काढून घे."

एरॉलने हात पुढे केला. सालोमीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. त्याने बापाची सुटलेली बोटं एकेक करून माळेवर मिटवली आणि म्हणाला, "राहू दे. आई विचारील."

झाकण लागलं. आम्ही पेटीमागून चालू लागलो. फाटकाशी अँजेलिना गर्दीतून वाट काढत सालोमीजवळ आली. डोळे पुसता पुसता म्हणाली, "अगं, काय सुंदर रोझरी होती! कालपर्यंत तर त्याच्याकडे ते लोखंड होतं. कुणी केली गं?"

हा प्रश्न ऐकण्यासाठी सालोमी दोन वर्षं झुरली होती.

"डेल्फिनची आहे ती," सालोमी म्हणाली, आणि पुढे चालू लागली.